ऑनलाइन दुकान चालविणाऱ्या शेतकऱ्यांनो, फसवे फोन असे ओळखा

जालना जिल्ह्यातील अंबड तालुका मोसंबीच्या बागांसाठी ओळखला जातो. ‘जालना मोसंबी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या भागात बाग व्यापाऱ्याला उक्ती देणे किंवा माल जालन्याच्या बाजार समितीत नेणे, हे विक्रीचे दोन मार्ग वर्षानुवर्षे चालत आले आहेत. अलीकडच्या काळात त्यांत तिसऱ्या मार्गाची भर पडली आहे. शिकलेली तरुण मुले-मुली घरची मोसंबी दहा किलोच्या खोक्यात भरून, तूरडाळ, हळद, गूळ, तूप यांची पाकिटे करून मोबाईलवरून थेट ग्राहकाला विकू लागली आहेत. कोणी स्वतःचे संकेतस्थळ तयार केले आहे, कोणी मोठ्या विक्री संकेतस्थळावर नोंदणी केली आहे, तर कोणी केवळ व्हॉट्सॲपच्या यादीवर काम भागविले आहे. मधली साखळी कमी होऊन दोन पैसे जास्त मिळत असल्याने हा मार्ग निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु पीक आले की कीड येते, तसेच येथेही झाले आहे. दुकान सुरू झाल्यावर गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदाराला काहीतरी विकू पाहणाऱ्यांचे फोन सुरू होतात. त्यांतील काही प्रामाणिक असतात, पण बरेच फसवे असतात. हे फोन ओळखण्याची रीत शेतकऱ्याला अवघड नाही. बियाणे, औषधे व संजीवके विकणाऱ्यांशी आपला संबंध नेहमीच येतो. तेथे जी सावधगिरी आपण बाळगतो तीच येथे वापरावयाची आहे. म्हणूनच कृषिविद्येचा अध्यापक असूनही हा विषय मी घेतला आहे. यास दुसरेही एक कारण आहे. ते प्रथम सांगतो.

घरचा अनुभव

आमची शेती अंतरवाली सराटीच्या शिवारात आहे. घरी मोसंबीची बाग आहे व ती थोरले बंधू पाहतात. २०२४ च्या आंबे बहाराची फळे निघू लागली तेव्हा वहिनींनी ऑनलाइन दुकान सुरू केले. पहिल्या महिन्यात संभाजीनगर व पुण्याच्या ग्राहकांकडून बऱ्यापैकी मागणी आली. त्याच सुमारास त्यांना एक फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत, अदबीने बोलत होता. “ताई, २०२३ पासून तुमच्या गावाचे नाव सगळ्या राज्याला माहीत झाले आहे. पुण्याची एक पार्टी तुमच्या दुकानाचे नाव स्वतःच्या नावे नोंदवायला आमच्याकडे आली आहे. पहिला हक्क तुमचा आहे म्हणून फोन केला. आज पाच वाजेपर्यंत साडेतीन हजार भरले तर नाव तुमचे, नाही तर आमचा नाइलाज आहे.”

वहिनींनी मला फोन केला. मी त्या वेळी विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेत होतो. नीट चौकशी न करता, “रक्कम मोठी नाही, देऊन टाका,” असे मी सांगितले. ही चूक माझी होती. दोन दिवसांनी त्याच माणसाने नाव ‘सुरक्षित’ करण्यासाठी ६,००० रुपये मागितले. त्यानंतर दुकान शोधात वर आणण्यासाठी ९,००० रुपये घेतले. चौथ्या वेळी वहिनींनी पावती मागितली, तेव्हा फोन बंद झाला. एकूण १८,५०० रुपये गेले. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की कोणतीही पार्टी आली नव्हती आणि नोंदणीही झालेली नव्हती. तसे नाव वर्षभरासाठी काही शे रुपयांत कोणालाही घेता आले असते.

मोसंबीचा दर किलोला २० रुपये धरला तर १८,५०० रुपये म्हणजे ९२५ किलो फळे होतात. हा पैसा मृग बहाराची खते व ठिबकच्या नळ्या बदलण्यासाठी राखून ठेवला होता. नळ्यांचे काम त्या वर्षी राहिले ते राहिलेच. पैशापेक्षा अधिक नुकसान असे झाले की त्यानंतर महिनाभर वहिनी अनोळखी क्रमांकाचा फोनच घेत नव्हत्या. त्यात खरी गिऱ्हाइकेही गेली. फसवणुकीचा हा दुसरा तोटा सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

हे फोन आपल्यालाच का येतात?

ज्याचे दुकान आहे त्याचा फोन क्रमांक गुप्त राहू शकत नाही. गिऱ्हाइकाने फोन करावा म्हणून तो आपणच सर्वत्र देतो. वेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रारीसाठीचा संपर्क छापावाच लागतो. त्यामुळे समोरच्याला आपले नाव, गाव, माल आणि दुकान नवे की जुने हे आधीच ठाऊक असते. फोनवरच्या माणसाने आपली इतकी माहिती सांगितली म्हणजे तो खरा, असे मुळीच समजू नये. ती माहिती आपल्याच पाकिटावरून घेतलेली असते.

दुसरे कारण असे की नवा दुकानदार घाईत असतो. माल नाशवंत असतो, तोडणी झालेली असते, खोकी आणलेली असतात. अशा वेळी “आठवड्याला शंभर खोकी घेतो” हे शब्द कानाला गोड लागतात. कपाशीतील कामगंध सापळ्याचे तत्त्व आपल्याला माहीत आहे. गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगाला मादीचा गंध येतो म्हणून तो येतो. सापळ्यात मादी नसते, तिच्या गंधाची गोळी असते. फसवा फोनही आपल्याला ज्याची गरज आहे त्याचाच गंध सोडतो.

फसव्या बोलण्याचे प्रमुख प्रकार

१) मोठा खरेदीदार : शहरातील मोठे हॉटेल, दुकानांची साखळी किंवा लष्कराचे उपाहारगृह यांच्या नावाने मोठी मागणी येते. दराची घासाघीस होत नाही. हीच पहिली शंकेची खूण समजावी. मोसंबीचा खरा व्यापारी दर विचारल्याशिवाय, सूट मागितल्याशिवाय आणि फळ पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. नंतर ‘विक्रेता नोंदणी’, ‘गेट पास’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून रक्कम मागितली जाते. कधी आगाऊ रक्कम पाठवतो असे सांगून क्यूआर कोड पाठविला जातो व तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगतात. येथे एक नियम पाठ करावा : यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठविण्याची सोय बंद झाली आहे. तरी क्यूआर कोड आणि दुकानाच्या नावाने येणारी मागणी यांतून फसवणूक होऊ शकते.

याच प्रकारात ‘चुकून जास्त आले’ हेही मोडते. खोक्याचे २,५०० रुपये द्यावयाचे होते, चुकून २५,००० गेले, उरलेले २२,५०० तातडीने परत करा, घरात आजारपण आहे, असे सांगतात. सोबत बँकेसारखा दिसणारा संदेश किंवा पैसे भरल्याचे चित्र येते. असा संदेश कोणालाही टाईप करता येतो. संदेश म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपवर किंवा पासबुकात शिल्लक वाढलेली दिसल्याशिवाय माल सोडू नये व पैसेही परत करू नयेत.

२) पहिल्या क्रमांकाचे आश्वासन : “तुमचे दुकान गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो, लेखी हमी देतो.” शोधात पहिला क्रमांक देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. पैसे भरून दिलेली जाहिरात वर दिसू शकते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते व पैसे संपले की बंद होते. तसेच गुगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करणे पूर्णपणे मोफत आहे. “तुमची नोंद आज रद्द होणार आहे, पडताळणीचे पैसे भरा” असा फोन आला तर तो निश्चित खोटा समजावा. एकरी उत्पादनाची लेखी हमी देणाऱ्या संजीवकाच्या विक्रेत्यावर आपण जितका विश्वास ठेवू, तितकाच येथे ठेवावा.

३) नाव जाणार, मुदत संपणार : आमच्या घरी घडला तो हाच प्रकार. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत संकेतस्थळाच्या मालकांना नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे पाठविणाऱ्या एका कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये कारवाई केली होती. “तुमच्या नावावर दुसऱ्या कंपनीने अर्ज केला आहे” असे चीनमधील नोंदणी कार्यालयाच्या नावाने येणारे ई-मेलही जगभरातील व्यापाऱ्यांना माहीत आहेत. वस्तुस्थिती साधी आहे. संकेतस्थळाचे नाव जो प्रथम नोंदवील त्याला मिळते. दुसऱ्याने अर्ज केला म्हणून कोणतेही कार्यालय आपली हरकत विचारण्यास फोन करीत नाही. नूतनीकरण ज्याच्याकडून नाव घेतले त्याच्याकडेच, त्याच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून करावयाचे असते. त्याची तारीख बियाण्याच्या पावतीप्रमाणे वहीत लिहून ठेवावी.

ट्रेडमार्कच्या बाबतीतही असेच घडते. नोंदणी करणाऱ्यांना खोटी बिले पाठविली जातात, असा इशारा जागतिक बौद्धिक संपदा संघटनाही देत असते. भारतात व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये आहे. वकिलाची फी वेगळी असू शकते, परंतु सरकारी शुल्काच्या नावाखाली कोणी वीस-पंचवीस हजार मागत असेल तर थांबावे.

४) सरकारी नोंदणी व प्रमाणपत्रे : “उद्यम प्रमाणपत्र नसेल तर दुकान बंद होईल”, “अन्न परवाना आजच काढा, नाहीतर दंड” अशी भीती घालतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे नि:शुल्क होते. तिच्यासारखीच नावे व रंग असलेली खाजगी संकेतस्थळे मात्र पैसे घेतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो, हे खरे आहे. पण तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करून घेता येतो. ‘जालना मोसंबी’च्या भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचे शुल्क तर २०२० च्या सुधारणेनंतर अवघे १० रुपये आहे. ई-नामवर नोंदणीसाठीही शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत.

सौर पंपाच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने निघालेल्या बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सावध केले आहे. दुकानदाराकडे येणारी लिंक त्याच जातीची असते. लिंकच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे की नाही हे पाहावे. मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ असून उपयोग नाही, ते शेवटी असले पाहिजे. तसेच रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर आणावयाची होती. बँकेच्या नावाने आलेली लिंक यात बसत नसेल तर ती उघडू नये.

५) विकत मिळणारे अभिप्राय : “पाचशे ग्राहकांचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय दोन दिवसांत देतो.” येथे देणारा घेणारा दोघेही दोषी ठरतात. २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहिणे यास मनाई आहे. शिवाय न खाल्लेल्या मोसंबीची स्तुती वाचून आलेला ग्राहक दुसऱ्यांदा येईलच असे नाही. ग्रेडिंग चांगले केले, डागी फळ खोक्यात घातले नाही, तर खरे अभिप्राय आपोआप येतात.

६) हमखास परतखरेदी : “आमचे यंत्र घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच विकत घेतो, ऑनलाइन विक्रीची चिंता नको.” या पद्धतीचा कटू अनुभव महाराष्ट्राने २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीपालनाच्या प्रकरणात घेतला आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या त्या योजनेत पिल्ले, खाद्य व परतखरेदी असे सर्व काही एकाच ठिकाणाहून होते. परतखरेदी थांबली तेव्हा अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे पैसे अडकले व गुन्हे नोंदवावे लागले. तत्पूर्वी २०१२ च्या सुमारास तामिळनाडूत इमूपालनातही हेच घडले होते. ज्या मालाला विकणाऱ्याखेरीज दुसरा खरेदीदार नाही, तो धंदा हाती घेऊ नये.

७) ॲपची फाईल : ‘ऑर्डरची यादी’, ‘दरपत्रक’ किंवा ‘पीएम किसान’ अशा नावाची फाईल व्हॉट्सॲपवर येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील तर ती यादी नसून मोबाईलमध्ये बसणारे ॲप आहे. ते बसविताना परवानग्या दिल्या की ते आपले संदेश वाचते व बँकेचा ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जातो. खऱ्या खरेदीदाराला यादी पाठवायची असेल तर तो साधा संदेश किंवा कागदाचा फोटो पाठवू शकतो.

सर्व प्रकारांतील समान लक्षणे

किडी अनेक असल्या तरी नुकसानीची खूण ओळखता आली की पुरे होते. वरील सात प्रकारांत पुढील चार खुणा पुन्हा पुन्हा दिसून येतात.

अ) फोन त्यांनी केलेला असतो. गरज आपल्याला वाटलेली नसते, ती त्यांनी निर्माण केलेली असते.

आ) वेळ अगदी थोडा दिलेला असतो : आज पाचपर्यंत, शेवटच्या दोन जागा, साहेब आता निघतील. खोट्या घाईने ग्राहकाला ओढणे ही अनुचित रीत आहे, असे केंद्र शासनाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट केले आहे.

इ) पैसे किंवा गुप्त आकडे आधी आपल्याकडून मागितले जातात, आणि लाभ पुढे कधीतरी मिळणार असतो.

ई) कोणाला विचारू नका, फोन ठेवू नका, असे सुचविले जाते. पावती, करार किंवा पत्ता मागितला की आवाज बदलतो.

यांतील एकच खूण असेल तर सावध व्हावे. दोन असतील तर व्यवहार थांबवावा.

उगवणक्षमता तपासा, मगच पेरा

सोयाबीनचे घरचे बियाणे आपण एकदम पेरीत नाही. गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, ओले करून, गुंडाळी करून ठेवतो व काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे योग्य समजतो. विक्रीच्या प्रस्तावासाठीही अशीच चाचणी घ्यावी. तीस एक दिवसाचा वेळ पुरेसा आहे.

पहिली पायरी : फोनवर कधीही होकार देऊ नये. “घरी विचारून उद्या सांगतो” एवढेच बोलावे. खरा व्यवहार उद्याही राहतो. उद्या जो राहत नाही, तो गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी पायरी : सर्व काही लेखी मागवावे. संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, कामाचा तपशील व एकूण रक्कम ही माहिती कागदावर हवी. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की त्यामागील नाव कळते. ते नाव बोलणाऱ्याने सांगितलेल्या नावाशी जुळते का, हे पाहावे.

तिसरी पायरी : त्याने दिलेल्या क्रमांकावर खात्री करू नये. बँक, हॉटेल, विक्री संकेतस्थळ यांचा क्रमांक पासबुक, जुने बिल किंवा अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधावा व त्यावर फोन करावा. बँकांच्या सेवेसाठी १६०० ने व जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. साध्या दहा अंकी मोबाईलवरून ‘बँकेचा साहेब’ बोलत असेल तर फोन ठेवावा.

चौथी पायरी : पैसे कोणत्या बाजूने वाहतात ते पाहावे. माल घेणारा पैसे देतो. जो माल घेणार म्हणतो आणि आधी आपल्याकडेच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नसून विक्रेता आहे, आणि तो काय विकतो हे तोही सांगत नाही.

पाचवी पायरी : घरातील किंवा गटातील दुसऱ्या व्यक्तीला पूर्ण हकिगत सांगावी, आणि ऐकणाऱ्याने हातातील काम बाजूला ठेवून ती ऐकावी. माझ्या अनुभवावरून ही सूचना मी विशेष आग्रहाने करीत आहे.

सर्वच विक्रेते फसवे नसतात

बियाण्याच्या धंद्यात भेसळ करणारे आहेत म्हणून आपण चांगले बियाणे घेणे सोडत नाही. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी पाहतो, पिशवी व पावती जपून ठेवतो आणि घेतो. त्याचप्रमाणे संकेतस्थळ बनविणारे, फोटो काढणारे, जाहिरात चालविणारे चांगले कारागीर मिळतात व त्यांचा उपयोगही होतो. ते निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. त्यांनी केलेले दुसऱ्या शेतकऱ्याचे दुकान उघडून पाहावे व त्या शेतकऱ्याशी स्वतः बोलावे. वर्षाची रक्कम एकदम न देता कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावी. संकेतस्थळाचे नाव व खाते आपल्याच नावावर, आपल्याच मोबाईल क्रमांकावर असावे. जाहिरातीचा खर्च आपल्या खात्यातून थेट जावा, म्हणजे किती गेला ते दिसते. हे मान्य करणाऱ्याशी व्यवहार करण्यास हरकत नाही.

फसवणूक झाल्यास

अशा वेळी लाज वाटून गप्प बसणे हे सर्वांत महाग पडते. प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

१) ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. तेथून संबंधित बँकांना सूचना जाते व पैसे पुढे काढले गेले नसतील तर ते रोखले जाऊ शकतात. चोर ती रक्कम लगेच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवितो, म्हणून उशीर करू नये.

२) ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

३) बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे. ॲपची फाईल बसविली असेल तर मोबाईलचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोलावे.

४) समोरच्याचा क्रमांक, संदेश, व्यवहाराचा क्रमांक, क्यूआर कोड यांचे फोटो काढून ठेवावेत. काहीही पुसू नये.

५) जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी आहे.

६) पैसे गेले नसतील, पण फोन संशयास्पद असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत त्याची नोंद करावी.

येथे आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. “तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा” असा फोन काही दिवसांनी येतो. बहुधा तो त्याच टोळीचा असतो. पैसे परत मिळविण्यासाठी पोलीस किंवा बँक फी घेत नाहीत.

गटाने पाळावयाचे नियम

शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनी पुढील नियम ठराव करून वहीत लिहावेत. दुकानासाठी वेगळे बँक खाते ठेवावे व त्यात रोजच्या गरजेपुरतीच रक्कम असावी. ठरावीक रकमेच्या वर, समजा २,००० रुपयांच्या वर, कोणतीही नवी देयके दोघांच्या संमतीशिवाय देऊ नयेत. अनोळखी खरेदीदाराला पहिला माल थोडा व पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच पाठवावा. आलेल्या फसव्या फोनची नोंद गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावी. एका शेतात बोंडअळी दिसली की शेजाऱ्याला सांगतो, तसेच हे आहे. कीड एकट्याच्या शेतापुरती थांबत नाही.

आमच्या घरी दुकान आजही सुरू आहे. वहिनी आता अनोळखी फोनही घेतात. फोनजवळच्या भिंतीवर त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून लावल्या आहेत : ‘पैसे येताना पिन लागत नाही. खरा सौदा उद्याही राहतो. आधी घरात विचारा.’ मागील हंगामात मोठ्या हॉटेलच्या नावाने दोन फोन आले. दोघांनाही त्यांनी उद्या फोन करण्यास सांगितले. एकाचा फोन पुन्हा आला नाही. दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी फोन करून दर विचारला, किलोमागे दोन रुपये कमी करून मागितले आणि नमुन्यासाठी एक खोके पैसे देऊन मागविले. तो खरा गिऱ्हाईक निघाला.

शेतकरी बंधू-भगिनींनी या तीन ओळी आपल्याही घरात लावाव्यात, आणि ऑनलाइन विक्रीचा मार्ग भीतीने सोडू नये.